परिसंस्था म्हणजे नेमकं काय? काळ्या मातीपासून तलावातल्या गाळापर्यंत

शाळेच्या पुस्तकात पृथ्वीची चार आवरणं वेगवेगळी दाखवलेली असतात. खडक आणि मातीचं शिलावरण, पाण्याचं जलावरण, हवेचं वातावरण, आणि या तिन्हींत जिथवर जीव पोचलेत तेवढं जीवावरण. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. प्रत्यक्षात मराठवाड्यातल्या कुठल्याही रानातली मूठभर माती उचलली तरी चारही आवरणं एकदमच हातात येतात. मातीचे कण झिजलेल्या खडकाचे असतात. कणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असते. त्यातच मुळ्या, गांडुळं आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू व बुरशी नांदत असतात.

पेरणीआधी शेतकरी ज्या वाफशाची वाट बघतो, तो या चौघांचा नेमका जमलेला मेळ असतो. पाऊस थांबून एक-दोन दिवस गेले की मोठ्या पोकळ्यांतलं जादा पाणी निथळतं आणि तिथं हवा शिरते. बारीक पोकळ्यांत मात्र ओल टिकून राहते. बियाला उगवायला दोन्ही लागतं. पाणी साचून राहिलं तर मुळांचा श्वास कोंडतो. शिवाय हवा नसलेल्या मातीत काही जिवाणू नायट्रेटमधला, म्हणजे पिकाच्या नायट्रोजनयुक्त अन्नातला ऑक्सिजन वापरू लागतात आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन आभाळात जातो. झडीच्या पावसात पिवळं पडलेलं पीक आपण पाहतो, त्यामागच्या कारणांपैकी हे एक. म्हणजे पाणी वाढलं, हवा घटली, जिवाणूंनी काम बदललं आणि जमिनीतलं अन्न हवेत गेलं. चार आवरणांतली देवघेव एवढ्या जवळून चालते.

ही देवघेव एकत्रच अभ्यासायला हवी, हा विचार आर्थर टान्स्ली या इंग्लंडमधल्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३५ साली ठामपणे मांडला. एखाद्या जागेतले सगळे सजीव आणि तिथली माती, पाणी, हवा, ऊन मिळून एक व्यवस्था होते, तिला आपण परिसंस्था म्हणतो. तिची हद्द अभ्यास करणारा ठरवतो. बांधावरची बाभूळ ही परिसंस्था धरता येते, पाझर तलाव धरता येतो आणि त्र्यंबकेश्वरपासून बंगालच्या उपसागरापर्यंतचं गोदावरीचं सगळं खोरंही धरता येतं.

खडक एक, माती दोन तऱ्हेची

विहिरीचं काम चालू असेल तेव्हा काठावर उभं राहून खाली नीट पाहावं. वर काळी माती, कुठं हातभर तर कुठं पुरुषभर. तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे. त्याखाली मुरूम. मग पांढरट ठिपक्यांचा खडक, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. आणि खाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. हे सगळे एकाच बेसाल्टचे कमीजास्त झिजलेले प्रकार आहेत. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा पुन्हापुन्हा बाहेर आला आणि थरावर थर बसत दख्खनचं पठार तयार झालं. पांढरे ठिपके म्हणजे लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची जागा. तिथं नंतर खनिजं भरली. वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी याच खडकात कोरलेली आहेत.

कोकणातही हाच बेसाल्ट आहे. तरी तिकडं लाल जांभा आणि इकडं काळी माती, असं का? उत्तर पावसात आहे. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. हे पाणी हळूहळू खडक झिजवतं आणि त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटं होतं. कोकणातला धो धो पाऊस हे सुटलेलं कॅल्शियम समुद्राकडं वाहून नेतो आणि मागं लोह व अॅल्युमिनियम उरतात, तोच जांभा. मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. घाटमाथ्यावर वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस झोडपून ढग इकडं येईपर्यंत रिकामे झालेले असतात. आपल्याकडं सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, नांदेडकडं जास्त, आष्टी-पाटोद्याकडं कमी. एवढ्या पाण्यात कॅल्शियम फार लांब जात नाही, ते जमिनीतच चुनखडी होऊन बसतं. उरलेल्या घटकांपासून ओल मिळाली की फुगणारी आणि वाळली की आकसणारी चिकणमाती बनते.

म्हणून उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती, पालापाचोळा त्या भेगांत पडतो आणि पावसात जमीन फुगली की आतल्या आत वरखाली होतो. नांगराशिवाय होणारी ही मशागत आहे.

याच चुनखडीचा दुसरा परिणाम सोयाबीनच्या पानावर वाचता येतो. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, लोक केवडा पडला म्हणतात. ही लोहाची कमतरता आहे. बेसाल्टपासून झालेल्या मातीत लोह तर मुबलक असतं. पण चुन्यामुळं जमीन अल्कधर्मी होते आणि अशा जमिनीत लोह विरघळत नाही, त्यामुळं मुळांना ते घेता येत नाही. सह्याद्रीनं अडवलेला वारा आणि सोयाबीनचं पिवळं पान यांचा असा सरळ संबंध आहे. मला या विषयात सगळ्यात जास्त गोडी वाटते ती या संबंधांची. आवरणांची नावं पाठ झाली नाहीत तरी चालतील.

पाण्याचंही तसंच. काळी माती स्वतः भरपूर ओल धरते, पण एकदा फुगून भेगा मिटल्या की पाणी खाली फार सावकाश जाऊ देते. आणि खालच्या पाषाणात वाळूसारख्या पोकळ्या नाहीत. पाणी मावतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळं एखादा पावसाळा कोरडा गेला तर विहिरींना मागचा साठा फारसा हात देत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मिरज कृष्णेच्या खोऱ्यात, लातूर मांजरेच्या म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यात. निसर्गानं वेगळी ठेवलेली दोन खोरी त्या उन्हाळ्यात रेल्वेच्या रुळांनी जोडली.

एका अळीपासून अख्ख्या शिवारापर्यंत

सजीवांची मांडणी पायऱ्यापायऱ्यांनी सांगितली जाते. एक जीव, मग त्याच जातीच्या जीवांची एका भागातली संख्या, मग तिथल्या सगळ्या जातींचा मिळून समुदाय, आणि समुदायात माती, पाणी, हवामान मिळवलं की परिसंस्था. प्रत्येक पायरीवर प्रश्न बदलतो, म्हणून या पायऱ्या कामाच्या आहेत. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीवरून हे चांगलं समजतं.

आधी एकच अळी घेऊ. कापसाची पाती, फुलं लागायच्या वेळी काही फुलं उमलत नाहीत, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहतात. ही डोमकळी. ती बोटांनी उकलली की आत अळी सापडते. पुढं अळी बोंडात शिरते, शिरल्याचं छिद्र बुजून जातं आणि बाहेरून बोंड धडधाकट दिसतं. फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. एका जिवाच्या पातळीवरचा प्रश्न एवढाच: ती कुठं राहते, काय खाते, कशानं मरते.

आता तिची संख्या पाहू. साधारण महिन्याभरात एक पिढी पुरी होते, त्यामुळं एका हंगामात अनेक पिढ्या होतात. ही अळी आपल्याकडं मुख्यतः कापसावरच जगते. म्हणजे शिवारात काही महिने कापूस नसेल तर तिची उपासमार होते आणि साखळी तुटते. पण पाणी असलं की आपण फरदड घेतो, म्हणजे वेचणी झाल्यावरही तेच पीक राखतो, पऱ्हाटी (कापसाची झाडं) जानेवारी-फेब्रुवारीनंतरही उभी राहते आणि अळीला खाणं मिळत राहतं. पऱ्हाटीचे ढीग बांधावर राहिले तर वाळक्या बोंडांतल्या सुप्त अळ्या पुढच्या हंगामापर्यंत तग धरतात.

समुदायाच्या पायरीवर तिचे शत्रू भेटतात. ट्रायकोग्रामा नावाची एक मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. क्रायसोपा आणि ढालकिडे मावा, पांढरी माशी, किडींची अंडी खातात. जहाल कीटकनाशकाचा फवारा बोंडातल्या अळीला लागत नाही. उघड्यावरच्या या मित्रकीटकांना मात्र नक्की लागतो. मग बोंडअळी राहतेच आणि वर पांढरी माशीही वाढते.

शेवटी परिसंस्था. बीटी कापसाच्या प्रत्येक पेशीत अळीला मारणारं विष असतं. शिवारभर, तालुकाभर तेच पीक असेल तर ज्या थोड्या अळ्या ते विष पचवू शकतात त्याच जगतात, त्यांचीच प्रजा वाढते. हे टाळायला कडेनं बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावायच्या असत. तिथं विषाला बळी पडणारी अळीही जगते, तिच्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. बहुतेक शेतांत या ओळी लावल्याच गेल्या नाहीत. २०१७ च्या हंगामात मराठवाडा आणि विदर्भात बोंडअळीनं जे नुकसान केलं ते एका शेतकऱ्याच्या चुकीनं झालेलं नव्हतं आणि एका शेतकऱ्याला ते रोखताही आलं नसतं. आपल्या रानातली पऱ्हाटी वेळेवर उपटली आणि शेजारी फरदड उभी राहिली तर पतंग बांध ओळखत नाही. दुखणं परिसंस्थेच्या पातळीवरचं असेल तर उपायही गावानं मिळून त्याच पातळीवर करावा लागतो. फवारणीचं औषध बदलत राहणं म्हणजे चौथ्या पायरीचं दुखणं पहिल्या पायरीवर शोधणं.

माळरान रिकामं नसतं

परिसंस्थेत दोन गोष्टी वाहतात, ऊर्जा आणि पदार्थ. त्यांची चाल वेगळी आहे आणि हा फरक समजला की निम्मा विषय समजला असं मी मानतो.

ऊर्जा उन्हातून येते. वनस्पती तिचा फार थोडा भाग, साधारण एक टक्क्याच्या आसपास, अन्नात साठवतात. गवत नाकतोडा खातो, त्याला सरडा, सरड्याला शिक्रा. प्रत्येक टप्प्यावर खाल्लेल्या ऊर्जेचा बराच भाग हालचाल, श्वसन आणि उष्णतेत खर्च होतो. पुढच्या पातळीला ढोबळमानानं दहा टक्केच मिळते, हे रेमंड लिंडमन यांच्या १९४२ च्या मांडणीनंतर रूढ झालेलं गणित आहे. काळवीट, लांडगा यांच्यासारख्या गरम रक्ताच्या प्राण्यांत तर याहूनही कमी, कारण अंग ऊबदार ठेवण्यातच त्यांचं खाणं संपतं. गेलेली उष्णता परत गवतात येत नाही. म्हणून ऊन रोज लागतं.

या गणिताचा एक परिणाम असा की वरच्या पातळीवरच्या प्राण्याला फार मोठं क्षेत्र लागतं. लांडग्यांच्या एका कळपाला जगवायला किती काळवीट, ससे, मेंढरं लागतील आणि त्या सगळ्यांना किती गवत लागेल याचा नुसता अंदाज केला तरी हे कळतं. माळाचे तुकडे पडत गेले, मधून रस्ते गेले, प्लॉट पडले की नाकतोडा राहतो, सरडाही राहतो; लांडगा आधी जातो.

मराठवाड्यातल्या बालाघाटच्या पठारावर आणि इतरही ठिकाणी जी माळरानं आहेत, त्यांची सरकारी कागदावर बहुतेक वेळा पडीक म्हणून नोंद असते. मला हे मनापासून खुपतं. कुसळी, पवना, मारवेल या गवतांनी, बोरी-हिवराच्या झुडपांनी भरलेली ही पुरी परिसंस्था आहे. काळवीट, खोकड, लांडगा, चंडोल, धाविक हे इथलेच रहिवासी. धाविक पक्षी घरटं बांधतच नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो. अंड्याचा रंग मातीशी इतका मिळताजुळता की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. अशा माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्पाची दाट लागवड केली, की फोटोत हिरवळ दिसते आणि उघड्या जमिनीवर जगणारे हे सगळे जीव बेघर होतात. झाडं लावायला गावठाण, रस्त्याच्या कडा, बांध, उघडे पडलेले डोंगरउतार भरपूर आहेत. माळावर गवतच राहू द्यावं. गवताच्या दाट मुळ्या माती धरतात आणि कार्बन जमिनीखाली साठवतात. तो वणव्यातही बराचसा सुरक्षित राहतो.

जे घेतलं ते परत गेलं पाहिजे

पदार्थाची चाल याच्या उलट. नायट्रोजन, स्फुरद, कॅल्शियम, कार्बन हे बाहेरून रोज येत नाहीत. आहेत तेच फिरत राहतात. फिरवण्याचं काम विघटक, म्हणजे मेलेलं कुजवणारे, संपवणारे जीव करतात आणि त्यांच्याकडं आपलं लक्ष सगळ्यात कमी असतं.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. तुरीचं किंवा हरभऱ्याचं झाड फुलोऱ्याच्या सुमारास ओलीत हळूच उपटावं. मुळांवर बारीक गाठी दिसतात. एखादी गाठ नखानं चिरली आणि आत गुलाबी-तांबूस रंग दिसला तर समजावं की आतले रायझोबियम जिवाणू कामात आहेत, हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देत आहेत. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीच्या एका द्रव्याचा असतो. ते ऑक्सिजन बेतानं पुरवतं, कारण जादा ऑक्सिजननं जिवाणूंचं काम बंद पडतं. गाठ आतून हिरवट किंवा करडी असेल तर काम थांबलेलं आहे. ज्वारीत तुरीच्या ओळी टाकायची जुनी रीत जमिनीच्या फायद्याची होती ती यामुळंही.

मेलेल्या जनावरांतला पदार्थ पुन्हा फिरवायचं काम गिधाडं करत. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारतात काही जातींची गिधाडं ९५ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, त्यामुळं भर निघायला फार काळ लागतो.

मातीतल्या विघटकांचं खाणं म्हणजे सेंद्रिय कर्ब. आपल्याकडच्या पुष्कळ जमिनींत तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. उष्ण हवेत जिवाणू कर्ब झपाट्यानं संपवतात, म्हणून इथं तो सतत घालत राहावा लागतो. पूर्वी घालण्याच्या वाटा होत्या. बैल होते, उकिरडा होता, दरवर्षी शेणखत पडायचं. धनगरांची मेंढरं दिवसभर माळावर चरायची आणि रात्री शेतात बसवली जायची. माळाच्या गवतातलं अन्न लेंडीखतातून, मुतातून रानात यायचं, शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे द्यायचा. दोन परिसंस्था जोडणारा हा माणसानं बसवलेला दुवा होता, काही गावांत अजून आहे. आता ट्रॅक्टर आला, जनावरं कमी झाली, कडबा विकला जातो, धसकटं पेटवली जातात. पोत्यातलं खत नायट्रोजन आणि स्फुरद देतं. विघटकांना लागणारा कर्ब देत नाही. धसकटं न पेटवता कुटी करून रानातच पसरली तरी या तुटलेल्या वाटेपैकी एक सुरू होते.

राहिली वाहून गेलेली माती. मुसळधार पावसात उघड्या रानातून गढूळ पाणी ओढ्याला जातं, ओढ्यातून तलावाला, नदीतून पुढं धरणाला. १९७६ मध्ये पुरं झालेलं पैठणचं जायकवाडी उथळ आणि पसरट आहे. पाणी ओसरलं की काठावर गाळपेर होते, आणि त्याच उथळ कडांवर हिवाळ्यात चक्रवाक, रोहित, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब उतरतात. माणसानं बांधलेल्या जलाशयात पन्नास वर्षांच्या आत एक नवी परिसंस्था उभी राहिली, आणि तिच्या तळाशी नाशिक-नगरकडच्या आणि आपल्याकडच्याही रानांची माती आहे.

लहान तलावांतला असा गाळ उन्हाळ्यात काढून शेतात नेण्याला राज्य सरकारनं २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावानं योजनेचं रूप दिलं. वाहून गेलेला पदार्थ परत जागेवर आणण्याचं हे काम आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं, फक्त जागा बघून करावं. हलक्या, मुरमाड, उताराच्या रानात गाळ पडला तर ओल जास्त दिवस टिकते आणि दोन पावसांमधला खंड पीक सोसतं. भारी काळ्या रानात तोच गाळ टाकला तर आधीच निचरा कमी असलेली जमीन आणखी चोपण होते आणि वाफसा यायला उशीर लागतो. टाकण्याआधी तलावातला मूठभर गाळ आणि आपल्या रानातली मूठभर माती, दोन्ही तपासून घ्यावं. आणि गाळ संपून मुरूम लागला की तिथंच उकरणं थांबवावं.